मस्तकाची रचना, मस्तकाची राखण



नाशिक शहरातील द्वारका चौक हा मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे मार्ग यांच्या मिलनाचे ठिकाण होय. एका बाजूस मुंबई नाका, दुसऱ्या बाजूस गोदावरी ओलांडून पंचवटी आणि आडगाव, तिसऱ्या बाजूस नाशिकरोड आणि चौथ्या बाजूस सारडा सर्कलवरून जुने गाव. दूरच्या वाहतुकीसाठी वर उड्डाणपूल झाला आहे. तरीही पुलाखालची वर्दळ हटलेली नाही. पिंपळगावकडून शेतमाल घेऊन येणारी वाहने, सिन्नरच्या कारखान्यांत कामाला जाणारे कामगार, महाविद्यालयांचे विद्यार्थी, बसगाड्या, रिक्षा आणि या सर्वांतून वाट काढणारे दुचाकीस्वार येथे एकत्र येतात. या दुचाकीस्वारांकडे क्षणभर निरखून पाहिले, तर एक विसंगती नजरेत भरते. कित्येकांचे हेल्मेट कोपराला अडकवलेले असते आणि डोके उघडे असते. मागे बसलेल्या व्यक्तीच्या डोक्यावर तर ते क्वचितच आढळते.

कोपराचे हाड मोडले तर ते सांधता येते. मेंदूच्या मृत पेशींच्या जागी नव्या पेशी मात्र जवळजवळ येत नाहीत. आपल्या भाषेत ‘कपाळमोक्ष’ असा एक भयंकर शब्द आहे. तो ज्या शरीररचनेविषयी आहे, तिची ओळख करून घेणे हा या भाषणाचा हेतू आहे. कारण मस्तकाची रचना ज्याला समजली, त्याला मस्तकाची राखण का करावी हे वेगळे सांगावे लागत नाही.

बावीस अस्थींची पेटी

प्रौढ माणसाच्या कवटीत एकूण २२ अस्थी असतात. त्यांपैकी १४ चेहऱ्याच्या असून उरलेल्या ८ अस्थींची मिळून मेंदूची पेटी बनते. तिलाच कर्पर म्हणतात. कपाळाची एक ललाटास्थी, माथ्याच्या दोन बाजूंच्या दोन पार्श्विकास्थी, कानशिलाच्या दोन शंखास्थी, मानेच्या वर मागील बाजूस एक पश्चकपालास्थी, तळाशी वटवाघळाच्या पंखांसारखी पसरलेली एक जतुकास्थी आणि नाकाच्या वर चाळणीसारखी सच्छिद्र अशी एक झर्झरास्थी, अशा या आठ अस्थी होत. संपूर्ण कवटीत खालचा जबडा तेवढा हलू शकतो. बाकीच्या अस्थी करवतीच्या दातांप्रमाणे एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांचे सांधे अचल असतात.

जन्माच्या वेळी हे सांधे जुळलेले नसतात. अस्थींच्या मध्ये मऊ पडद्याच्या जागा असतात. यांतील सर्वांत मोठी जागा म्हणजे टाळू. प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया बाळाची टाळू तेलाने भरताना तेथे बोटांना लागणारी धडधड ओळखतात. या मोकळ्या जागांमुळे प्रसूतीच्या वेळी अस्थी एकमेकींवर किंचित सरकतात आणि मूल सुखरूप बाहेर येते. पुढे मेंदूची झपाट्याने वाढ होते, तिलाही या जागा वाव देतात. साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या वयापर्यंत टाळू भरून येते. त्यानंतर मात्र कवटी ही एक बंद पेटी होते. या पेटीला तळाशी एकच मोठे द्वार असते. त्या महारंध्रातून मेरुरज्जू पाठीच्या कण्यात उतरतो. नसा व रक्तवाहिन्या यांच्यासाठी असलेली इतर छिद्रे लहान असतात.

कवटीचे हाड सगळीकडे सारखे जाड नसते. वरच्या भागात ते सरासरी सहा-सात मिलिमीटर जाड असते. तेथे बाहेरचा आणि आतला असे दोन कठीण थर असून मध्ये जाळीदार हाड असते. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या भिंतीत दोन कागदांमध्ये पन्हळी थर असतो, तसाच हा प्रकार आहे. वजन कमी आणि मजबुती अधिक, हा त्याचा लाभ. कानशिलापाशी मात्र हाड फार पातळ होते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

पेटीतील ठेव

या पेटीत जपून ठेवलेला मेंदू प्रौढपणी सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या एकूण वजनाच्या तो जेमतेम दोन टक्के भरतो. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते. ताज्या लोण्याप्रमाणे मऊ असलेल्या या अवयवाला निसर्गाने तीन आवरणांत गुंडाळले आहे. सर्वांत बाहेरचे जाड व चिवट दृढावरण, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे जालावरण आणि मेंदूच्या प्रत्येक घडीला बिलगलेले मृदावरण. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा स्वच्छ प्रमस्तिष्क-मेरुद्रव खेळत असतो. हा द्रव कोणत्याही वेळी सुमारे दीडशे मिलिलीटर असतो आणि दिवसभरात त्याच्या तिपटीहून अधिक नव्याने तयार होतो. विहिरीत बुडवलेली घागर जशी हलकी लागते, तसा मेंदू या द्रवात तरंगतो आणि त्याचा भार तळावर फारच थोडा पडतो.

मेंदूचे तीन प्रमुख भाग शालेय पुस्तकांमुळे शिक्षकांच्या परिचयाचे आहेत. सर्वांत मोठा भाग प्रमस्तिष्क, म्हणजे मोठा मेंदू. त्याचे डावे आणि उजवे असे दोन गोलार्ध असून डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या बाजूवर व उजवा गोलार्ध डाव्या बाजूवर हुकमत चालवतो. कपाळामागील खंडात विचार, संयम, निर्णय आणि हालचालींचा आरंभ. माथ्याखालील खंडात स्पर्शाची जाण. कानशिलामागील खंडात श्रवण आणि स्मृती. तर डोक्याच्या मागील खंडात दृष्टी, अशी स्थूलमानाने कामाची वाटणी आहे. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६१ साली वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी करून वाणीचे स्थान दाखवून दिले. ते बहुतेक माणसांत डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात असते. म्हणूनच डोक्याच्या एका बाजूच्या माराने कुणाचा हात लुळा पडतो, कुणाची वाचा जाते. आणि कपाळाच्या मागे इजा झालेला एखादा शांत स्वभावाचा गृहस्थ बरा होऊन घरी आल्यावर उगाच संतापू लागतो.

मागील बाजूस खाली अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू असतो. सायकलवरचा तोल, सुईत ओवला जाणारा दोरा आणि तबल्यावर पडणारे बोट या सर्वांतील नेमकेपणा त्याच्या स्वाधीन आहे. या दोहोंना मेरुरज्जूशी जोडणारा भाग म्हणजे मस्तिष्कस्तंभ. त्याच्या खालच्या टोकाला मस्तिष्कपुच्छ किंवा लंबमज्जा म्हणतात. श्वासोच्छ्वासाचे नियंत्रण येथूनच होते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांवरही येथूनच ताबा राहतो. तो जागा आहे तोवर माणूस आहे. आपल्या देशात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता दिली, ती याच कारणाने.

आघात होतो तेव्हा

दुचाकी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असता स्वार फेकला जाऊन त्याचे डोके एखाद्या दुभाजकावर आपटले, तर तो आघात सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून, डोक्यावर पडण्यासारखा असतो. कवटी जागच्या जागी थांबते. आतला मेंदू मात्र थांबत नाही. तो पुढे जाऊन हाडाच्या भिंतीवर आदळतो आणि मागे येऊन विरुद्ध बाजूवरही आदळू शकतो. म्हणून मार मागे लागला तरी इजा कपाळामागे सापडते. डोक्याला जोराचा हिसका बसून ते गरकन फिरले, तर मेंदूतील लांब तंतू ताणले जाऊन तुटतात. अशा वेळी कवटीला तडाही गेलेला नसतो आणि तरीही रुग्ण शुद्धीवर येत नाही.

परंतु या पेटीची खरी अडचण आणखी वेगळी आहे. पायाला मुरगळ बसली की पाय सुजतो, कारण कातडीला ताणले जाण्यास जागा असते. कवटीत ती जागा नाही. मेंदू, रक्त आणि प्रमस्तिष्क-मेरुद्रव या तिघांनी ती पूर्ण भरलेली असते. रक्तस्राव होऊन गाठ धरू लागली किंवा मेंदूला सूज आली, तर आरंभी थोडा द्रव आणि थोडे रक्त बाहेर सरून जागा करून देतात. ही सवड संपली की दाब एकदम चढतो, मेंदू खाली महारंध्राच्या दिशेने ढकलला जातो आणि मस्तिष्कस्तंभ चेपला जातो. बाहेरच्या शत्रूपासून राखण करणारा कोट आतल्या संकटात असा अडसर ठरतो.

बोलणारा रुग्ण

कानशिलापाशी ललाटास्थी, पार्श्विकास्थी, शंखास्थी आणि जतुकास्थी या चार अस्थी एकत्र येतात. तेथेच हाड सर्वांत पातळ असते आणि नेमकी त्याच्याच आतून दृढावरणाला रक्त पुरवणारी एक धमनी जाते. प्राचीन भारतीय वैद्यकाला या जागेचे महत्त्व ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली असून कानशिलाजवळच्या शंख मर्मांची गणना ‘सद्यःप्राणहर’, म्हणजे तत्काळ प्राण हरण करणाऱ्या मर्मांत केली आहे. कवटीच्या सांध्यांचाही तेथे ‘सीमंत’ या नावाने निर्देश आहे.

या जागी हाड तडकून धमनी फाटली, तर हाड आणि दृढावरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. अशा वेळी जे घडू शकते, ते प्रत्येक ग्रामस्थाने लक्षात ठेवावे असे आहे. मार लागताच माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो. कपडे झटकतो, स्वतःचे नाव सांगतो, चहा घेतो, “मला काही झालेले नाही” असे म्हणतो आणि घरी जातो. इकडे आत रक्त साठतच असते. काही तासांनी डोके ठणकू लागते, उलट्या होतात, गुंगी येते. घरचे म्हणतात, “दमला आहे, झोपू द्या.” ती झोप पुष्कळदा अखेरची ठरते. वस्तुतः ही गाठ वेळेत ओळखून शस्त्रक्रियेने काढली, तर माणूस पूर्ववत कामाला लागण्याची आशा फार मोठी असते. येथे रुग्ण आजाराच्या असाध्यतेने दगावत नाही. हातातील तास निघून गेल्यामुळे दगावतो.

वृद्धांची गोष्ट आणखी निराळी. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसतो आणि दृढावरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरून डोके नुसते भिंतीला टेकले, तरी एखादी शीर तुटून रक्त थेंबाथेंबाने साठत राहते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास हा धोका वाढतो. तीन-चार आठवड्यांनी आजोबा विसरू लागतात, चालताना झोकांड्या खातात. म्हातारचळ म्हणून हे दुर्लक्षित होते. साध्या शस्त्रक्रियेने बरा होणारा हा विकार असू शकतो, हे घरच्यांच्या ध्यानी येत नाही.

कवटी न उघडता आतील रक्ताची गाठ पाहण्याची सोय वैद्यकाला मिळून फार काळ लोटलेला नाही. इंग्लंडमधील अभियंते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधाबद्दल त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. डोळे उघडणे, बोलणे आणि हातपाय हलवणे या तीन गोष्टींवरून ३ ते १५ गुण देऊन शुद्धीची पातळी मोजण्याची ग्लासगो येथील पद्धत १९७४ सालची. आजही रुग्णालयात पोहोचताच रुग्णाची हीच मोजणी प्रथम होते.

हेल्मेटचे काम

दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचा इतिहासही एका मृत्यूशी जोडलेला आहे. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्धी पावलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलवरून पडून मरण पावले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाच्या उपयोगावर आपला निबंध प्रसिद्ध केला.

हेल्मेटची करामत साधी आहे. बाहेरचे टणक कवच आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते. आतला थर्माकोलसारखा जाड थर स्वतः चेपला जातो आणि डोके थांबण्यास काही मिलिसेकंद अधिक देतो. तेवढ्या अवधीत मेंदूवरील आघाताचा जोर उतरतो. जगभरातील अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसून आले, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. अर्थात हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असेल, तरच. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते. आतला थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून मोठा आघात सोसलेले हेल्मेट बदलावे. भारतीय मानक ४१५१ चे चिन्ह नसलेले, रस्त्याच्या कडेला मिळणारे स्वस्त टोप हे केवळ दंड चुकवण्याचे साधन होय.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. महाराष्ट्रातील संख्या १५,२२४ होती. देशभरातील मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२९ चालकाप्रमाणेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यात चार वर्षांवरील मुलांचाही समावेश झाला. नाशिक शहरात २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम पोलिसांनी राबवली होती. अशा मोहिमांनी सवय लागण्यास साहाय्य होते; परंतु पंपापुरते घातलेले हेल्मेट पुढच्या वळणावर कोपराला जाते. पोलिसाची नजर चुकवता येते. दुभाजकाचा दगड चुकवता येईलच असे नाही.

पहिल्या तासातील कर्तव्य

डोक्याला मार लागलेला माणूस समोर असता काय करावे आणि काय करू नये, हे थोडक्यात असे सांगता येईल. प्रथम १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. मान आणि डोके हलू देऊ नये, कारण मानेच्या मणक्यालाही इजा झालेली असू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कांदा फोडून नाकाशी धरण्यात वेळ दवडू नये. श्वास चालू आहे ना, तोंडात रक्त किंवा उलटी साचली नाही ना, हे पाहावे. उलटी होत असेल तर डोके, मान आणि धड एकाच वेळी फिरवून त्यास कुशीवर करावे. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे. हाड खचलेले दिसल्यास त्यावर दाब देऊ नये. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव येत असेल, तर तो प्रमस्तिष्क-मेरुद्रव असण्याचा संभव असतो. तेथे बोळा कोंबू नये. हेल्मेट घातलेले असून श्वासास अडथळा नसेल, तर ते काढण्याची घाई करू नये.

वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एका बाजूचा अशक्तपणा आणि दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एक जरी आढळले तरी रात्र सरण्याची वाट पाहू नये. रस्त्यात बरळणारा माणूस दारू प्यालेला आहे असे परस्पर ठरवून त्यास सोडून देणे हा तर मोठाच अन्याय. त्याचे बरळणे मेंदूवरील दाबामुळेही असू शकते.

मदत केली तर पोलीस ठाण्याच्या खेपा पडतील, ही भीती अजूनही लोकांच्या मनात आहे. ती आता अनाठायी होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ अन्वये सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण मिळाले. खर्चाची चिंताही पहिल्या तासात आड येऊ नये, म्हणून केंद्र शासनाने २०२५ साली योजना अधिसूचित केली. तिच्या अन्वये नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळण्याची तरतूद आहे.

गावाचा वाटा

शिक्षकांनी मेंदूचा पाठ शिकवताना ‘लहान मेंदूची कार्ये लिहा’ एवढ्यावर थांबू नये. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवून तेथील ठोके जाणून घ्यावेत आणि त्या जागी हाड किती पातळ आहे हे ऐकावे. दहा वर्षांच्या मुलाने घरी वडिलांना विचारलेला एक प्रश्न अनेक फलकांचे काम करतो. पंचायत सदस्यांनी गावातील बसथांब्यावर, दूध संकलन केंद्रावर आणि बाजाराच्या ओट्यावर १०८ क्रमांक आणि धोक्याची चिन्हे ठळक अक्षरांत लिहून घ्यावीत. अधिकाऱ्यांनी कार्यालयाच्या आवारात दुचाकीवरून शिरताना स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट आहे ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ. आपण ज्या नियमाची आज्ञा देतो तो आपणच पाळतो, हे लोकांना दिसले पाहिजे.

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. निसर्गाने आठ अस्थींची पेटी, तीन आवरणे आणि द्रवाची गादी देऊन मेंदूची राखण केली, ती पायी चालणाऱ्या आणि क्वचित पडणाऱ्या माणसाच्या हिशेबाने. महामार्गावरचा वेग त्या हिशेबात धरलेला नव्हता. तो वेग माणसाने स्वतः निर्माण केला आहे, तेव्हा त्याच्यासाठी लागणारे नववे कवचही माणसानेच वापरले पाहिजे. द्वारका चौकात सिग्नलला थांबणाऱ्या प्रत्येकाने कोपराला अडकवलेले ते कवच डोक्यावर चढवावे आणि त्याचा पट्टा बांधावा. या कामाला काही सेकंद पुरतात.